काट्यावरचं अंडं

राजहंसाचं अंडं हातात घेतलं की आधी हात जरासा खाली जातो. डोळ्यांना ते मोठं दिसलेलं असतंच, पण मनगटाला त्याचा अंदाज आलेला नसतो. आपल्याकडचं कोंबडीचं अंडं ५५ ग्रॅमच्या आसपास भरतं; हे १४० पासून २०० ग्रॅमपर्यंत कितीही. फ्रिजच्या दारातल्या खळग्यात ते मावत नाही, पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये मावत नाही आणि पाककृतीतही मावत नाही. पाककृती म्हणते ‘अंडी ३’. आता या एकाला तीन धरायचं की अडीच, की सव्वातीन? बहुतेक जण तीन धरतात, ऑम्लेट पार पडतं, केक मात्र फसतो. दोष मग ओव्हनला दिला जातो.

आधी नावाचा घोळ. फार्महाउसवर राखणीला ठेवलेला, परका माणूस दिसला की मान पुढे काढून फिसकारत अंगावर येणारा तो पांढरा पक्षी. त्याला आपल्याकडे राजहंस म्हणतात, कुणी नुसतं हंस, कुणी सरळ गूज. मोठं बदक म्हणणारेही आहेत, पण बदक वेगळं. युरोपातल्या पाळीव जाती ग्रेलॅग या रानहंसापासून आल्या, म्हणजे आपल्या कलहंसापासून. कपाळावर गाठ असलेल्या चिनी जातींचा पूर्वज निराळा. हिवाळ्यात जायकवाडीला आणि उजनीला उतरणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस रानटी. ते अंडी घालतात लडाख-तिबेटच्या तळ्यांकाठी, आणि त्यांचा इथे काही संबंध नाही. इथे गोष्ट आहे ती पाळीव पक्ष्याची.

सोन्याचं अंडं देणारी मराठीत कोंबडी असते आणि इंग्रजीत हंसी. इंग्रजी गोष्टीतल्या शेतकऱ्याची अधीरता मला जास्त समजते. व्यापारी कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. हंसी बहुतेक जातींत ३० ते ५०, तीही एका हंगामात, साधारण दिवसाआड. ब्रिटनमध्ये हा हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो आणि जूनच्या सुमाराला संपतो. तिकडच्या मराठी घरांना ही अंडी त्या दिवसांत शेतावरच्या दुकानात किंवा आठवडी बाजारात मिळतात. आपल्याकडे ओळखीचं फार्महाउस हाच बाजार.

अंडं घरी आलं की त्याला काट्यावर ठेवायचं आणि टरफलावर पेन्सिलीनं वजन लिहून टाकायचं. बाकी सगळं त्या आकड्यावर चालतं. समजा १६० ग्रॅम भरलं. त्यातलं २० ग्रॅम टरफल, कारण ते जाड असतं. उरलेल्या १४० ग्रॅममध्ये बलक ५५ च्या आसपास आणि पांढरं ८५ च्या आसपास. कोंबडीच्या अंड्यात टरफल काढून जे ४८-५० ग्रॅम उरतं त्यात बलक १७ ग्रॅमचा. म्हणजे बलकाच्या हिशेबानं हे अंडं तीन कोंबड्यांहून थोडं वर जातं आणि पांढऱ्याच्या हिशेबानं तीनाला कमी पडतं. ‘एक म्हणजे तीन’ हा ठोकताळा इथे मोडतो.

याचा स्वयंपाकघरातला अर्थ पाण्याच्या भाषेत सांगितला तर लवकर कळतो. पांढऱ्यात जवळजवळ ८८ टक्के पाणी असतं, बलकात निम्मंच. बलक जास्त असल्यामुळे या अंड्यात एकूण ७० टक्के पाणी, कोंबडीच्या अंड्यात ७६. उलट चरबी इथे १३ टक्के, तिकडे साडेनऊ-दहा. टरफल काढलेल्या १४० ग्रॅममागे हिशेब केला तर राजहंसाच्या अंड्यात पाणी साधारण ८ मिली कमी आणि चरबी ५ ग्रॅम जास्त. दीड छोटा चमचा दूध वाढवायचं आणि एक छोटा चमचा लोणी काढून घ्यायचं, इतकीच ती दुरुस्ती. ही न केल्यामुळेच लोक म्हणतात की या अंड्यांचा केक ‘दडस’ होतो.

आता धुणं. राजहंस अंडी जमिनीवर, गवताच्या घरट्यात घालतो आणि चिखलाचे पाय घेऊन त्यावर बसतो. त्यामुळे अंडं मळलेलं मिळणार, हे धरूनच चालायचं. आणल्या आणल्या नळाखाली धरायचं नाही. टरफलावर एक अदृश्य लेप असतो, तो धुतला की टरफलाची भोकं उघडी पडतात. वाळलेला चिखल कोरड्या फडक्यानं झाडून तसंच फ्रिजमध्ये ठेवावं, धुणं वापरायच्या वेळी. तेही कोमट पाण्यानं, अंड्यापेक्षा गरम असलेल्या. गार पाण्यात आतला माल आकसतो आणि बाहेरची घाण भोकांतून आत ओढली जाते. हे कोंबडीच्या अंड्यालाही लागू आहे, पण ते बहुतेक स्वच्छच येतं म्हणून खपून जातं.

ताजेपणा पाहायला खोल पातेलं आणि गार पाणी. आडवं तळाशी पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण शिजवायला चालेल, तरंगलं तर टाकून द्यावं. कळपात नर असतोच, त्यामुळे अंडं फलित असण्याची शक्यता बरीच. गार ठेवलेल्या अंड्यात पुढे काही वाढत नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण घरट्यात किती दिवस होतं हे देणाऱ्याला विचारावं आणि प्रत्येक अंडं वेगळ्या वाटीत फोडावं. तीन अंड्यांच्या मिश्रणात चौथं वाईट निघालं की जे नुकसान होतं ते इथे नऊ अंड्यांचं असतं.

फोडणंही शिकावं लागतं. कढईच्या काठावर आपटलं तर दोनच गोष्टी होतात: काहीच नाही, किंवा सगळं एकदम. टरफल जाड, त्याच्या आतला पापुद्रा चिवट. काठावर आपटल्यावर टरफलाचा चुरा होतो, पापुद्रा फाटत नाही, मग आपण अंगठे खुपसतो आणि बलक फुटतो. त्यापेक्षा अंडं हातात आडवं धरून सुरीच्या पाठीनं कमरेभोवती हलके ठोके देत फिरवावं. भेग पूर्ण गोल झाली की सुरीचं टोक घालून पापुद्रा चिरावा आणि दोन वाट्या वेगळ्या कराव्यात. रिकामं टरफल रंगवायला हवं असेल तर दोन्ही टोकांना ४-५ मिलिमीटरचं भोक, आत काडी घालून बलक फोडायचा, आणि फुंकण्याऐवजी लहान पंपानं हवा भरायची. तोंड लावू नये, कारण कच्च्या अंड्याच्या बाहेरचा भाग कितीही पुसला तरी ओठांना लावण्यासारखा नसतो.

कवींनी हंसाला दूध आणि पाणी वेगळं करण्याची कला दिली. त्याच्या अंड्यातलं पांढरं आणि पिवळं वेगळं करणं त्या मानानं सोपं. टरफलाच्या दोन वाट्यांमध्ये बलक इकडून तिकडे नेण्याची आपली सवय मात्र इथे सोडावी. टरफलाची कड धारदार आणि बलक जड, तो कापला जातो. स्वच्छ हाताच्या ओंजळीत अंडं ओतावं आणि बोटांच्या फटीतून पांढरं गळू द्यावं. ते जाड असतं, सावकाश गळतं. बलकाला चिकटलेली पांढरी दोरी इथे चांगली जाड असते, ती चिमटीनं काढावी.

उकडण्याचं गणित या अंड्याच्या बाबतीत सुंदर आहे. वजन तिप्पट म्हणून वेळ तिप्पट लागत नाही. वजन तिप्पट झालं की अंड्याची जाडी साधारण १.४४ पट होते, आणि उष्णतेला टरफलापासून मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ त्या अंतराच्या वर्गानं वाढतो, म्हणजे दुपटीच्या जरा वर. वजन तिप्पट, वेळ दुप्पट. हे एवढं लक्षात ठेवलं की तक्ता लागत नाही. फ्रिजमधून काढलेलं कोंबडीचं अंडं तुमच्या गॅसवर साडेचार मिनिटांत वाहत्या बलकाचं आणि आठ-नऊ मिनिटांत पूर्ण घट्ट होत असेल, तर १६० ग्रॅमचं हे अंडं ९ मिनिटांत आणि १७-१८ मिनिटांत होईल. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला त्याहून दोन-अडीच अंश खाली. तिथे एखादं मिनिट वाढवावं.

फक्त एक अडचण आहे. मध्यापर्यंत उष्णता पोचेपर्यंत बाहेरचं पांढरं बराच वेळ शंभर अंशांत बसलेलं असतं आणि रबरासारखं होतं. पांढरं ६२ अंशांपासून आळायला लागतं, बलक ६५ ते ७० मध्ये. म्हणजे खळखळून उकळण्याची गरजच नसते. पाण्याला उकळी आली की अंडं डावानं अलगद सोडावं, आच इतकी कमी करावी की पाण्यात फक्त बुडबुडे हलतील, आणि तीन-चार मिनिटं जास्त द्यावीत. बलकाभोवती हिरवट कडं येतं ते लोह आणि गंधक यांच्या संयोगानं, जास्त वेळ जास्त तापल्यामुळे. मोठ्या अंड्यात ते हमखास येतं. वेळ झाली की लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावं आणि निदान १५ मिनिटं ठेवावं; एवढ्या मोठ्या गोळ्याला आत गार व्हायला वेळ लागतो, वरून गार लागलं तरी आत शिजणं चालूच असतं. सोलायला आठवडाभर जुनं अंडं बरं. अगदी ताज्याचा पापुद्रा पांढऱ्याला धरून राहतो आणि अर्धं अंडं टरफलाबरोबर जातं.

वाहत्या बलकाबद्दल एक सावधगिरी. ब्रिटनमध्ये २०१७ पासून सिंहाचा शिक्का असलेली कोंबडीची अंडी गर्भवती स्त्रिया, लहान मुलं आणि वृद्धांनीही अर्धी कच्ची खायला हरकत नाही असं तिथली अन्नसुरक्षा यंत्रणा सांगते. ती मुभा बदकाच्या आणि राजहंसाच्या अंड्यांना नाही. साल्मोनेला मरायला अंडं आतपर्यंत ७१ अंश तापावं लागतं. ज्यांना धोका जास्त त्यांना घट्टच द्यावं, आणि कच्च्या अंड्याचं मेयोनेज या अंड्याचं करूच नये. कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी असलेल्यानं हे पर्याय म्हणून खाऊन पाहू नये. प्रथिनं बऱ्याच अंशी सारखी असतात.

तव्यावर सबंध तळलेलं राजहंसाचं अंडं फोटोत छान दिसतं. खायला ते मला फारसं पटत नाही. पांढऱ्याचा खालचा थर चामड्यासारखा होतो तोवर बलकाभोवतीचं पांढरं कच्चंच असतं. करायचंच तर २० सेंटिमीटरचा पॅन, मंद आच, एक चमचा पाणी आणि घट्ट झाकण, सहा-सात मिनिटं.

अंड्याची पोळी मात्र उत्तम होते. एका अंड्यात दोघांचं भागतं. काट्यानं मिनिटभर मोडून मोडून फेटावं, कारण जाड पांढरं नुसत्या ढवळण्यानं बलकात मिसळत नाही आणि तव्यावर पांढरे पट्टे उठतात. दोन चमचे पाणी घालावं. दुधापेक्षा पाणी बरं, बलकाचा तुपकटपणा आधीच भरपूर असतो. कांदा, मिरची, कोथिंबीर नेहमीसारखी, मीठ मात्र चवीपेक्षा चिमूटभर जास्त लागतं, चरबीमुळे ते दबतं. भुर्जीला एका अंड्यामागे दोन मध्यम कांदे आणि एक टोमॅटो. टोमॅटोचं पाणी पूर्ण आटल्याशिवाय अंडं ओतायचं नाही, आणि अंडं थोडं ओलं असतानाच गॅस बंद करायचा. कोंबडीच्या अंड्याची भुर्जी जास्त परतली तर कोरडी होते. याची भुर्जी जास्त परतली तर दाणे घट्ट होऊन चर्रचर्र वाजतात.

रश्शात सबंध उकडलेलं अंडं सोडू नये. ताटात ते डोंगरासारखं दिसतं आणि रस्सा वरच राहतो. १५ मिनिटं उकडून, ओल्या सुरीनं उभे चार तुकडे करून शेवटची चार मिनिटं रश्शात मुरू द्यावेत. पूर्ण १८ मिनिटं उकडलेल्याचा बलक भुसभुशीत होतो आणि तुकडे होताच गळून रस्सा गढूळ करतो. याहून बरा प्रकार म्हणजे फेटलेलं अंडं मीठ-हळद घालून, तेल लावलेल्या डब्यात ढोकळ्यासारखं १२-१५ मिनिटं वाफवणं आणि वड्या कापून रश्शात सोडणं. मालवणी वाटपाचा रस्सा असो की कोल्हापुरी तांबडा, या वड्यांना तिखट पेलतं. बलकाची चरबी तिखटाला बोथट करते, म्हणून मसाला नेहमीपेक्षा हात सैल सोडून घालावा.

चवीबद्दल गैरसमज आहे की ती उग्र असते. बदकाच्या अंड्याला कधी कधी चिखलाचा, माशाचा वास येतो, कारण बदक किडे-गोगलगायी खातं. राजहंस गवत खातो. त्याच्या अंड्याची चव कोंबडीच्याच जातीची, पण जाड, लोण्यासारखी. हिरव्या गवतावर चरणाऱ्याचा बलक गडद पिवळा, नुसत्या धान्यावर असलेल्याचा फिका. हा रंग गवतातून येतो, त्यावरून पौष्टिकता ठरवू नये. केकचा रंग मात्र त्यावरूनच ठरतो.

केककडे आता सावकाश जाऊ, कारण हे अंडं खरं शोभतं ते इथे.

इंग्लंडच्या व्हिक्टोरिया स्पंजची जुनी रीत या अंड्यासाठीच केल्यासारखी आहे. तिथे अंडी मोजत नाहीत, टरफलासकट तोलतात आणि तेवढ्याच वजनाचं लोणी, साखर आणि मैदा घेतात. अंडं १६० ग्रॅमचं असेल तर साखर १६०, मैदा १६०, लोणी मात्र वर सांगितलेल्या हिशेबानं १५५. आपल्याकडे तयार खमिराचा मैदा सहज मिळत नाही, म्हणून साध्या मैद्यात दीड छोटा चमचा, म्हणजे ७ ग्रॅम बेकिंग पावडर दोनदा चाळून. शिवाय एक मोठा चमचा दूध. घरचं लोणी घेऊ नये; त्यातलं ताक किती निथळलंय याचा भरवसा नसतो आणि हिशेब पुन्हा बिघडतो. पाकिटातलं खारं लोणी घेतलं तर वेगळं मीठ नको.

पहिली चूक इथे तापमानात होते. कोंबडीचं अंडं फ्रिजबाहेर अर्धा-पाऊण तास ठेवलं तरी चालतं, या गोळ्याला दोन तास लागतात. घाई असेल तर कोमट पाण्यात २० मिनिटं. लोणी बोटानं दाबलं की खळगा पडेल इतपत मऊ, १८ ते २० अंश. एप्रिलच्या पुण्या-मुंबईत ते क्षणात तूप होतं. भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून फेटावं. वितळलेल्या लोण्यात हवा धरून राहत नाही.

दुसरी चूक अंडं घालण्यात. ‘एकेक अंडं घालून फेटा’ असं पाककृती सांगते. इथे एकच अंडं आहे. ते सबंध ओतलं की लोणी-साखरेचं मिश्रण फाटतं, कारण लोण्याला एका वेळी इतकं पाणी धरता येत नाही. अंडं आधी वाटीत मिनिटभर फेटून गाळणीतून गाळून घ्यावं. गाळण्यात पापुद्रा, दोरी आणि हट्टी पांढरं अडकतं. ते तसंच राहिलं तर केकच्या तळाशी चिकट, रबरी पट्टी येते आणि आपल्याला वाटतं केक कच्चा राहिला. मग लोणी-साखर पांढरी होईपर्यंत पाच मिनिटं फेटून, अंडं सहा हप्त्यांत, प्रत्येक हप्ता पूर्ण मिसळल्यावर पुढचा. शेवटच्या दोन हप्त्यांबरोबर एकेक चमचा मैदा. तरीही फाटल्यासारखं दिसलं तर भांडं अर्धं मिनिट गरम पाण्यावर धरावं. बहुतेक वेळा अंडंच गार असतं.

मैदा उलथन्यानं अलगद मिसळायचा, मग दूध. मिश्रण चमच्यावरून झटक्यानं पडायला हवं. १८ सेंटिमीटरच्या दोन उथळ साच्यांत १८० अंशांवर २२ ते २५ मिनिटं. एकाच खोल साच्यात १७० वर ४० ते ४५. घरगुती ओटीजीत वरची सळई जवळ असते, त्यामुळे एकच साचा, खालून दुसरा खण, आणि पंचवीस मिनिटांनी वर ॲल्युमिनियमचा कागद. बलकामुळे हा केक लवकर रंग धरतो, रंगावर विसंबून बाहेर काढला तर मधे खचतो. सुई कोरडी निघणं हीच खूण. तीन दिवस मऊ राहतो. कोंबडीच्या अंड्याचा दुसऱ्या दिवशीच कोरडा वाटू लागतो.

फेसावर उभे राहणारे केक यात धरू नयेत. या पांढऱ्याचा फेस सावकाश उठतो, कमी उठतो आणि लवकर बसतो. प्रथिनांची ठेवण वेगळी आहे. इतकी की पांढऱ्यात जंतूंशी लढणारं जे लायसोझाइम असतं त्याचा एक स्वतंत्र प्रकार एम्डेन जातीच्या राजहंसाच्या अंड्यात पहिल्यांदा सापडला आणि त्याचं नावच ‘गूज टाइप’ पडलं. मेरँग, म्हणजे साखर घालून भाजलेला पांढऱ्याचा फेस, करायचाच तर पांढरं २५-३० अंशांपर्यंत कोमट करावं, ८५ ग्रॅमला अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस घालावा, आणि भांड्याला तुपाचा ओशट हात लागलेला नसावा. तरी माझं मत, मेरँगला कोंबडीच बरी.

कॅरॅमल कस्टर्डला मात्र हे अंडं कोंबडीला मागे टाकतं. एक अंडं, टरफलाशिवाय १४० ग्रॅम. दूध ४५० मिली, साखर ६५ ग्रॅम, व्हॅनिला किंवा जायफळ. डब्यात ८० ग्रॅम साखर दोन चमचे पाण्यात तांबूस करून तळाला फिरवून घ्यावी. दूध बोट सोसेल इतकं कोमट, साखर त्यात विरघळवून, अंडं फेस न येऊ देता मिसळून, गाळून. फेस आला तर वर बुडबुडे राहतात. डब्यावर झाकण घालून कुकरमध्ये शिटी न लावता, पाणी नुसतं हलत राहील एवढ्या आचेवर ३०-३५ मिनिटं. कडेला घट्ट आणि मधे रुपयाएवढा भाग थरथरता असताना काढायचं. आच वाढली की आत जाळी पडते आणि पाणी सुटतं. बाजारातल्या बहुतेक कस्टर्डांना ती जाळी असते आणि लोकांना ती कस्टर्डची खूणच वाटते. बलक जास्त असल्यामुळे याला ती उशिरा पडते. रात्रभर गार करून मगच उलटावं.

नुसता बलक वापरायचा तर गोव्याकडे पाहावं. २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली बेबिंका म्हणजे बलक, नारळाचं दूध, साखर, थोडा मैदा आणि तूप, थरावर थर. बलकांचा आकडा घरागणिक बदलतो. दहा बलकांची रीत धरली तर ते १७० ग्रॅम होतात, म्हणजे राजहंसाचे तीन. नारळाचं दाट दूध ४०० मिली, साखर २५०, मैदा ११०, अर्धा चमचा जायफळ, चिमूटभर मीठ, तूप १५०. साखर आधी नारळाच्या दुधात पूर्ण विरघळवावी, मग बलक, मग मैदा, गाळून अर्धा तास मुरवावं. १८ सेंटिमीटरच्या डब्यात चमचाभर तूप तापवून त्यावर मिश्रणाचे शंभर-एकशेदहा मिली ओतायचे, पहिला थर खालच्या-वरच्या दोन्ही आचेवर, पुढचे फक्त वरच्या सळईखाली. प्रत्येक थर तपकिरी डाग पडेपर्यंत, आठ-दहा मिनिटं, वर चमचाभर तूप, मग पुढचा. सात थर होतात. खालचा थर फिकाच असताना पुढचा ओतला तर दोन्ही एकजीव होऊन थर दिसतच नाहीत. जास्त करपवला तर कडू. मिश्रण प्रत्येक वेळी ढवळून घ्यावं, मैदा खाली बसतो. राजहंसाचे बलक जाड म्हणून मिश्रण घट्ट वाटलं तर दोन चमचे नारळाचं पातळ दूध. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नये.

यातून २५० ग्रॅम पांढरं उरतं. ८५ ग्रॅम पांढऱ्यात १५० ग्रॅम साखर आणि २०० ग्रॅम सुकं खोबरं कालवून, छोटे गोळे १६० अंशांवर १८-२० मिनिटं भाजले की खोबऱ्याचे मॅकरून होतात. फेस उठण्याची गरजच नाही. घरी पास्ता करणाऱ्यांनी सबंध अंड्याला २५० ग्रॅम मैदा धरावा, तीन कोंबड्यांना ३०० धरतात त्याऐवजी, नाहीतर गोळा तडकतो.

बिस्किटाला एकच कोंबडीचं अंडं हवं असतं तेव्हा हे फोडावं का? फोडावं. फेटून, गाळून ५० ग्रॅम तोलून घ्यावं. उरलेलं झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस. त्याहून जास्त ठेवायचं तर गोठवावं, पण तसंच नाही: उणे ६ अंशांखाली बलकाचा गोळा बांधतो आणि तो पुन्हा पातळ होत नाही. गोठवण्याआधी ९० ग्रॅमला पाव छोटा चमचा मीठ किंवा एक छोटा चमचा साखर फेटून घालावी. डब्यावर चिठ्ठी लावून तारीख, वजन, आणि आत मीठ आहे की साखर, तिन्ही लिहावं. पहिली दोन लोक लिहितात. तिसरं राहून जातं, आणि मग महिन्याभरानं केक खारट का झाला ते कुणाला सांगता येत नाही.